मेटकरी मास्तरांचं थांबणं

माझ्या डोक्यावर केस नाहीत हा काही माझा गुन्हा नव्हे. आमच्या घराण्यात तिशी आली की पुरुषांची डोकी परातीसारखी लख्ख होतात, तसं माझंही झालं. पण एवढ्या एका गोष्टीपायी एका माणसानं मला चार-पाच महिने लाकडी खुर्चीवर बसवून, डोक्याला मिठाच्या पाण्याचे बोळे बांधून, "हलू नका शास्त्री, आणि विचार करू नका," असं दरडावलेलं आहे. विचार करू नका! संस्कृतच्या मास्तरला हे वेगळं सांगायची गरज नसते असं आमच्या शाळेतली कार्टी म्हणत, तो भाग निराळा. त्या माणसाचं नाव मेटकरी मास्तर. आज इतकी वर्षं झाली तरी त्यांचं नाव निघालं की माझा हात आधी कपाळाकडे जातो.

सोलापुरात बोलपट नुकते लागू लागले होते त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या हायस्कुलात मेटकरी सायन्स शिकवीत. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा मुलगा, त्यांच्या गावातला पहिला बी. एस्सी. उंच, काटकुळे, अंगात काळा कोट आणि डोक्याला वडिलांचा लाल पटका. हेडमास्तरांनी एकदा कोटावर टोपी शोभेल असं सुचवून पाहिलं. मेटकरींनी विचारलं, "मोजलंय का?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. आज ऊन फार आहे म्हणा, मोजलंय का? पोरं यंदा वाह्यात झालीत म्हणा, मोजलंय का? माझ्या बायकोनं एकदा कौतुकानं त्यांना जेवायला बोलावलं आणि "आमटीत मीठ जास्त झालं का हो?" असं सहज विचारलं. या गृहस्थानं आमटीची वाटी उचलून उजेडात धरली आणि मीठ मोजायची रीत तिला समजावून दिली. आमटी कशी झाली होती ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुन्हा त्यांना बोलावायचं नाव काढलं की ती नुसती माझ्याकडे बघायची.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण मेटकरी बोलता बोलता थांबत.

विसरणारा माणूस थांबतो तसं हे नव्हे. वाक्याच्या ऐन मध्यावर त्यांचा आवाज बंद व्हायचा. डोळे उघडेच, पापण्या किंचित फडफडायच्या, आणि समोर तुम्ही असूनही नसल्यासारखे. आठ-दहा सेकंदांनी ते बरोबर पुढच्या शब्दापासून बोलायला लागत. "पाणी उकळतं ते शंभर" इथे गेले, की परत यायचे ते "अंशाला" म्हणतच. दिवसातून चार-पाचदा तरी हे व्हायचं. वर्गातली पोरं तेवढ्यात एकमेकांच्या टोप्या उडवून पुन्हा शहाण्यासारखी बसलेली असत. आणि कुणी म्हटलंच की मास्तर, तुम्ही मधेच थांबलात, तर एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस ताडकन गावाकडच्या बोलीवर यायचा.

"मी न्हाय थांबलो. तुमीच थांबलासा!"

एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ते माझ्यासमोर थांबले. मी खिशातलं घड्याळ काढून चांगलं मोजलं आणि ते परत आल्याबरोबर सांगितलं, "नऊ सेकंद."

"घड्याळ कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे फिर्यादी तुम्ही, साक्षीदार तुम्ही आणि घड्याळही तुमचंच. हा काय पुरावा झाला?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. विणकरांच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन ते आणि त्यांची म्हातारी आई राहत. गावाकडची मेंढरं दुसऱ्या लेकाच्या हवाली करून म्हातारी याच्यासाठी शहरात आली होती. एकदा मी गेलो तेव्हा मास्तर भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच थांबलेले होते. मी हाक मारणार, एवढ्यात म्हातारीनं हात वर करून मला गप्प केलं.

"हाक मारू नगा," ती हळूच म्हणाली. "मेंढरू चरता चरता घडीभर हुबं ऱ्हातं का न्हाय? तसं हाय त्ये. हाक मारली तर बुजतंय. आपसूक चालाया लागतंय."

आणि मास्तरांनी तो तुकडा तोंडात घालून, मला पाहून, "कधी आलात?" असं विचारलं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एक दिवस इंग्रजी सहावीच्या वर्गात ते बाटलीतून काचेच्या भांड्यात सल्फ्युरिक ॲसिड ओतत होते आणि ओतता ओतताच थांबले. हात तसाच वाकडा राहिला. भांडं भरलं, ॲसिड टेबलावर आलं, टेबलावरून पहिल्या बाकाकडे ओघळलं. तिथल्या मुलाचं धोतर जळून हाताएवढं भोक पडलं. पोरगं चपळ म्हणून पाय वाचला. मास्तर भानावर आले ते ओरडतच, "कुणी ढकललं टेबल?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. मलाही बोलावलं, कारण मेटकरींशी एकट्यानं बोलायची हिंमत आमच्या शाळेत कुणात नव्हती. हेडमास्तर तोंडाचे कडक, पण मनानं मऊ. ते म्हणाले, "मुलाच्या बापानं संस्थेकडे अर्ज केलाय. तुम्हाला फेफरं येतं असं लिहिलंय. तसं काही नाही असा एखाद्या डॉक्टरचा दाखला आणा, मी तो फायलीला लावतो आणि प्रकरण मिटवतो. वार्षिक परीक्षेच्या आत आणा. नाहीतर तुम्हाला ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

एवढं सोपं होतं. गावात डॉक्टर काय कमी होते? पण मेटकरी म्हणाले, "डॉक्टर माझी जीभ बघेल आणि नाडी बघेल. डोक्यात काय चाललंय ते त्याला काय दिसणार? मी डोक्याचाच दाखला आणतो." हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मुंबईच्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की जर्मनीत एका डॉक्टरनं माणसाच्या मेंदूतली वीज टाळूवरून टिपली आहे. मेंदूत म्हणे सदोदित बारीक वीज खेळत असते, तिच्या लाटा उठतात, आणि कवटीला भोक न पाडता नुसत्या कातडीवर धातूच्या चकत्या लावून त्या कागदावर उतरवता येतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सेकंदाला दहा लाटा. मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. आपलं डोकं थांबत असेल तर लाटा थांबलेल्या दिसतील, नसेल तर अर्ज करणाऱ्याच्या तोंडावर कागद मारता येईल. आणि डोकं थांबत नाही याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

हेडमास्तरांच्या परवानगीनं शाळेचा आरशाचा गॅल्व्हानोमीटर त्यांच्या घरी आला. म्हणजे तारेला टांगलेला नखाएवढा आरसा. वीज आली की तो वळतो आणि त्याच्यावर पडलेला उजेडाचा ठिपका समोर पळतो. डोक्यातली वीज फारच नाजूक म्हणून ती वाढवायला रेडिओचे व्हॉल्व्ह आणि मोटारीची बॅटरी. ग्रामोफोनच्या चावीवर फिरणारा एक डबा, त्यावर फोटोचा कागद. खिडक्यांना दोन-दोन चादरी ठोकून अंधार केलेला. चकत्या सोनाराकडून करून घेतल्या होत्या, म्हातारीच्या तुटक्या चांदीच्या वाळ्याच्या. त्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर बसवून वरून तो लाल पटका करकचून बांधायचा.

आणि डोकं? "केसाळ डोक्यावर चकती बसत नाही," मास्तर म्हणाले. "आधी तुमच्यावर यंत्र बसवून घेऊ, मग माझं बघू. देवानं तुम्हाला याच कामासाठी घडवलंय." शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीनदा मी त्या खुर्चीवर बसू लागलो. पुढे पुढे तर सोलापूरचा फाल्गुन-चैत्र, चादरी लावलेली खोली, कानांवरून गळणारं मिठाचं पाणी. घरी गेलो की बायको नाकाला पदर लावून म्हणायची, "आज किती निघाल्या लाटा?"

लाटा निघाल्या, हे मात्र खरं. तिसऱ्या आठवड्यात कागदावर एकसारखी नागमोडी रेघ आली आणि मेटकरींनी मला पटक्यासकट मिठी मारली. फक्त जर्मन डॉक्टरच्या लाटा सेकंदाला दहा होत्या, माझ्या दोनच. मी जरा खट्टू झालो. मास्तर म्हणाले, "त्यात काय? सोलापूरचं डोकं, त्यातून संस्कृतचं. चालायचंच सावकाश."

मग एका संध्याकाळी लाटा आल्याच नाहीत. नुसती सरळ रेघ. व्हॉल्व्ह तपासले, बॅटरी तपासली, माझं टक्कल दोनदा शिकेकाईनं धुतलं. मला त्या दिवशी खोलीत सारखं काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी लाटा हजर. मेटकरींनी भिंतीवरचं पंचांग काढलं. आदला दिवस अमावास्येचा होता. पुढच्या अमावास्येला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. पुन्हा सरळ रेघ!

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मी पटका स्वतःच सोडायला लागलो. "शास्त्री," ते म्हणाले, "चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते. मेंदूत काय पाणी नसतं?"

"अहो, अमावास्येलाही भरती येतेच की समुद्राला."

"मोजलंय का? सोलापुरात समुद्र आहे का?"

सात पानांचा इंग्रजी लेख त्यांनी लिहून काढला. अमावास्येला मनुष्याच्या मेंदूचं कार्य मंदावतं, असा सिद्धांत. उदाहरणादाखल एक संस्कृत शिक्षक, वय छत्तीस. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी यंत्र कशाला लागतं? मला विचारायचं." लेख विलायतेला जायचा तो केवळ देवाच्या दयेनं वाचला. पाकीट बंद करायच्या दिवशी शेजारचा राजय्या खलबत्ता मागायला दारात आला. भिंतीपलीकडे त्याचा हातमाग होता. चादरींचा अंधार आणि माझा पटका पाहून त्यानं काय चाललंय ते विचारलं. मास्तरांनी त्यालाही सगळा सिद्धांत उत्साहानं ऐकवला.

राजय्या सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अमावस्येला तर आमचं मागच बंद असतंय, सार. त्या दिवशी आमचं लोक मागावर बसत नाय."

सोलापुरात मागाची खटखट कुणाला ऐकू येत नाही. ती बंद पडली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, तेवढंच. मास्तरांनी आरसा ठेवला होता तो बरोबर राजय्याच्या भिंतीतल्या फळीवर. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या चकत्या काढून टेबलावर ठेवल्या आणि राजय्याला माग चालवायला पाठवलं. टेबलालाही सेकंदाला दोन लाटा आल्या.

मी हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पाच महिन्यांत मला मिळालेलं तेवढंच सुख. मेटकरी मात्र हसले नाहीत की चिडलेही नाहीत. त्यांनी लेख फाडला, पलीकडे जाऊन राजय्याला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "रोज संध्याकाळी अर्धा तास माग बंद ठेवाल का?"

"ठेवतो की. बिडी पीत बसतो," राजय्या म्हणाला.

आता वार्षिक परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. मेटकरींच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही हे ओळखून मी माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना मास्तरांच्या घरी चहाला घेऊन गेलो होतो. डॉक्टर अर्धा तास गप्पा मारत बसले, नाडी पाहिली, डोळे पाहिले. माझ्या नशिबानं त्या अर्ध्या तासात मास्तर एकदाही थांबले नाहीत. डॉक्टरांनी दाखला लिहून दिला, की प्रकृती निरोगी, अतिश्रमानं कधी तंद्री लागते, इतर काही नाही. तो दाखला माझ्या कोटाच्या खिशात होता. नोकरी वाचली होती. पण मास्तरांना तो तुच्छ वाटत होता. त्यांना डोक्याचा दाखला पाहिजे होता.

मग मास्तर स्वतः खुर्चीवर बसले. चकत्यांपुरते केस वस्तऱ्यानं काढले होते, तिथं दोन पांढरे ठिपके दिसत होते. माझ्या हातात एक बटण दिलं. ते दाबलं की कागदाच्या कडेला खूण उमटायची. "मी मोठ्यानं आकडे म्हणतो," ते म्हणाले. "मी थांबलो असं तुम्हाला ज्या क्षणी वाटेल त्या क्षणी दाबा. मग कागद बोलेल."

दोन दिवस काहीच झालं नाही. त्यांची बारीक थरथरती रेघ पाहून त्यांना आनंदाचं भरतं आलं. तिसऱ्या दिवशी राजय्याचा माग थांबला, डबा फिरू लागला, मास्तर म्हणू लागले. "एकेचाळीस, बेचाळीस". आणि आवाज बंद झाला. मी बटण दाबलं. उजेडाचा ठिपका जागच्या जागी थरथरत होता तो एकदम मोठाले झोके घ्यायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, संथ, एकसारखे, सेकंदाला तीनेक. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पापण्या त्या झोक्यांबरोबर फडफडत होत्या. मग झोके तुटल्यासारखे थांबले आणि मास्तर म्हणाले, "त्रेचाळीस."

साठपर्यंत मोजून ते उठले. "बघा! एकदाही न्हाय थांबलो."

मी डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी लाल दिव्याखाली कागद धुतला. झोके उमटू लागले तसे ते खाली वाकत गेले. मग ओल्या हातांनी बाहेर धावले. पलीकडून आवाज आला, "माग बंदच हाय की, सार. बिडी तर पितोय."

परत येऊन त्यांनी फूटपट्टी घेतली आणि कितीतरी वेळ ते नुसते मोजत राहिले. शेवटी म्हणाले, "लाट आधी आहे, शास्त्री. तुमची खूण नंतर आहे, जवळजवळ एका सेकंदानं. तुम्ही बटण दाबायच्या आधीच हे सुरू झालंय. म्हणजे तुम्हाला खोटं बोलायला वेळच नव्हता."

इतक्या वर्षांची माझी साक्ष अशी एकदाची मान्य झाली! म्हातारी दारात उभी होती. ती म्हणाली, "ल्हानपनापासनं हाय रं लेकरा."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगून काय बरं झालं असतं व्हय?"

मी म्हटलं, "मास्तर, जे झालं ते या खोलीत झालं. दाखला माझ्या खिशात आहे. हा कागद चुलीत घाला, जाळून टाका."

"आणि पुढच्या खेपेला ॲसिड धोतरावर न पडता पोराच्या डोळ्यांत पडलं तर? त्याला दाखला वाचून दाखवू?"

मी आणखीच भडकलो आणि नको नको ते बोललो. हट्टी म्हणालो, कृतघ्न म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या टेबलावर मी घाईघाईनं दाखला ठेवला. त्यांनी तो वाचला, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फायलीत घालून म्हणाले, "झालं काम." तेवढ्यात मेटकरींनी तो दुसरा कागद पुढे सरकवला.

"हे काय?"

"माझं डोकं. इथून इथपर्यंत मी शुद्धीवर नव्हतो असं कागदावर दिसतंय."

दिसतंय म्हणे! तरीही 'मी थांबलो' हे शब्द तोंडातून निघत नव्हते. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली.

"शास्त्री, लाथ का मारताय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

हेडमास्तर काकुळतीला आले. "मास्तर, मी हे पाहिलेलं नाही. उचला. हे कळल्यावर संस्था तुम्हाला एक दिवस ठेवायची नाही. दाखला आलाय ना? मग कुणाला काय कळणार आहे?"

"आता मोजलंय, साहेब," मेटकरी म्हणाले, आणि कागद तिथंच ठेवून उठले.

परीक्षा संपल्या आणि त्यांनी शाळा सोडली. गॅल्व्हानोमीटर पुसून परत केला. गावी जाऊन लहान पोरांना शिकवणार होते. "पाटी-पेन्सिलीत ॲसिड नसतं," म्हणाले. मी त्यांच्याशी धड बोलत नव्हतो. मला राग होता आणि तो जायला तयार नव्हता. ज्याच्यासाठी मी कानांवरून मिठाचं पाणी गळू दिलं तो माणूस आपल्या हातानं आपलं नुकसान करून निघाला होता, आणि वर त्याचंच बरोबर होतं.

तरी स्टेशनवर गेलोच. कुर्डुवाडीला उतरून पुढे छोट्या गाडीनं सांगोल्याला जायचं होतं. म्हातारी खिडकीपाशी बोचकं धरून बसली होती. मास्तर तिच्या शेजारी, डोक्याला लाल पटका, खाली ते दोन ठिपके. शिट्टी झाली. मी जायला वळलो, तसे ते खिडकीतून वाकून म्हणाले, "शास्त्री, तुम्ही त्या दिवशी कागद जाळा म्हणालात, ते"

आणि थांबले.

गाडी हलली. मी डब्याबरोबर चालू लागलो. डोळे उघडे, पापण्या फडफडताहेत, बघताहेत माझ्याकडे आणि मी त्यांना दिसत नाही. मी तोंड उघडलं, तर म्हातारीनं एका हातानं त्यांचं मनगट धरलेलंच होतं, दुसरा हात वर करून तिनं मला खूण केली. हाक मारू नका. मी नाही मारली. प्लॅटफॉर्म संपला तिथं उभा राहिलो. गाडी मोहोळच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

चार दिवस माझ्या डोक्यात ते 'ते' घुमत होतं. ते काय? बरोबर होतं? चूक होतं? विसरणार नाही? जाता जातासुद्धा या माणसानं मला छळायचं सोडलं नाही! पाचव्या दिवशी सांगोल्याचा शिक्का असलेलं कार्ड आलं. वर श्री नाही, नमस्कार नाही, अक्षर पट्टीनं आखल्यासारखं. सुरुवात वाक्याच्या मध्यापासून.

"चूकच होतं. पण माझ्यासाठी चूक करायला तयार झालेले तुम्ही एकटेच. हे मी स्टेशनवर पुरतं बोलू शकलो नाही. बोलता बोलता पाहतो तर समोर तुमच्याऐवजी सिग्नलचा खांब होता. आईला विचारलं नाही, मला कळलं. मी थांबलो होतो, शास्त्री. तुम्ही नाही."